पाळीखालची पंगत

तलावाची मातीची पाळ नव्यानं बांधली, की बांधणाऱ्यांनी पहिलं जेवण पाळीच्या पायथ्याशी बसून करायचं, अशी त्या गावाची जुनी रीत. पायथ्याशी घर बुधरीचं, म्हणून पंगत तिच्या अंगणात. कोंबडी गावठीच हवी, असा पाळ बांधून घेणाऱ्या इंजिनीयर साहेबांनी आधीच निरोप धाडला होता.

तलाव काठोकाठ भरला होता. पाळीवर उभं राहून साहेब छाती फुगवून म्हणाले, "पन्नास वर्षं हिला काही होत नाही!"

"मंग या जी साहेब, ताटं वाढली," बुधरीनं खालून हाक दिली.

साहेब ठेकेदाराला घेऊन खाली उतरले. अंगणामागे पाळीतून गढूळ पाणी झिरपत होतं. ते दिसताच साहेब मागे सरले.

"बाई, आज माझा उपास आहे."

"माझापण," ठेकेदार घाईघाईनं म्हणाला.

"काऊन जी? कोंबडी तं तुमीच सांगतली होती!"

दोघं गाडीत बसले. चिखल उडवत गाडी गेली.

बुधरीनं भरल्या ताटांकडे पाहिलं आणि पोराला हाक मारली.



"चैतू, कोंबडी आपन खाऊ, पन टेकडीवर. पहिले घरातलं धान उचल!"