दिसू दे की

अवंतिकानं रात्रंदिवस खपून केलेली नव्या पशुखाद्याची योजना सरनोबत साहेबांनी आपल्या नावावर खपवली. त्याच आठवड्यात त्यांच्या केबिनमध्ये नवा कंप्युटर आला. कळंब्याच्या त्या कारखान्यात कंप्युटरचं सगळं अवंतिकाच बघायची.

नव्या मशीनची मुळातली सेटिंगच अशी होती, की ऑफिसातल्या प्रत्येकाला ते आपल्या स्क्रीनवरच्या यादीत दिसायचं.

“बंद कर ते,” साहेब म्हणाले. “माझं काम कुणी चोरलं म्हंजे?”

अवंतिकानं दात आवळून सेटिंग बंद केली. जाता जाता कंपनीनं मशीनला दिलेलं आकड्यांचं नाव पुसलं आणि साहेबांना शोभेल असं नाव टाकलं. आता ते कुणाला दिसणार होतं?

महिन्याभरानं मालकांसकट सगळा स्टाफ साहेबांच्या केबिनमध्ये जमला. योजना भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर दाखवायची होती, पण टीव्हीला साहेबांचा कंप्युटर काही केल्या सापडेना.

“तुम्हीच लपवायला सांगितला होता की, साहेब,” अवंतिका म्हणाली. “सेटिंग चालू केली तर सगळ्यांना दिसंल.”

“मग दिसू दे की. माझ्याकडं लपवण्यासारखं काय हाय?”

“बघा हां. मालकबी हायेत.”

“चालू कर म्हणतोय न्हवं.”

तिनं चालू केली.



टीव्हीवर वीतभर उंचीची अक्षरं उमटली: ‘बांडगूळ’ जोडलं जात आहे.