कॉलरमधला पत्ता

"म्हणा, सिल्व्हर ब्रीझ."

"सिल्व्हर..." सासऱ्यांनी वर पाहिलं. पंखा खोलीतली गरम हवा नुसती ढवळत होता. "सिल्व्हर साबण?"

सुनेने कपाळावर हात मारला आणि दोन टाचण्या दातांत धरल्या. त्यामुळे पुढचं बोलणं तोंडातच राहिलं.

साबणाचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, तरी गल्ली साबणगल्लीच होती. या उन्हाळ्यात बिल्डरने तोंडाशी कमान उभारली आणि गल्लीचं सिल्व्हर ब्रीझ झालं. इस्त्रीवाल्याच्या टपरीवर 'फॅब्रिक केअर' अशी पाटी चढली. चहावाल्याने बाहेर उंच स्टुलं मांडली आणि कप निम्म्याने लहान केले. वारा मात्र पूर्वीइतकाच होता, म्हणजे नव्हताच.

सासरे रोज चारच्या बसने नदीकाठी पाय मोकळे करायला जात आणि आठवड्यातून तीनदा तरी हरवत. सातच्या सुमाराला एखादा जुना टॅक्सीवाला त्यांना दारात आणून सोडी. "साबणगल्ली, साबणगल्ली, एवढंच सांगत होते. म्हटलं, नेऊन सोडावं." सून पैसे काढायला लागली की तो हात जोडी. "राहू द्या हो ताई. तुमच्या गल्लीकडून काय घ्यायचं!" अडतीस वर्षं पोस्टात पत्रं पत्त्यांवार लावणाऱ्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवू नये, याची सगळी गल्ली हळहळ करी.

सुनेची काळजी मात्र वेगळीच होती. फोनच्या नकाशातून साबणगल्ली पुसली गेली होती. उद्या एखादा नवा टॅक्सीवाला भेटला, तर म्हाताऱ्याला सोडणार कुठे? तिने निकाल दिला, "सोमवारपर्यंत नवं नाव पाठ झालं नाही, तर फिरणं बंद. गॅलरीत बसायचं." गॅलरीसमोर कारखान्याची भिंत होती. सासऱ्यांचा चेहरा पडला. तिलाही वाईट वाटलं, पण शाळा उघडायच्या आत सत्तर गणवेश शिवून द्यायचे होते. यंदाची नदी तिने पाहिली ती सासऱ्यांच्या चपलांना लागून आलेल्या वाळूतच.

सोमवार आला. नाव काही पाठ झालं नाही. मग तिने शिंपिणीला सुचेल तोच उपाय केला. पांढऱ्या फितीच्या चार पट्ट्या कापल्या, त्यांवर निळ्या दोऱ्याने 'सिल्व्हर ब्रीझ, घर क्रमांक नऊ' असं भरलं आणि चारही सदऱ्यांच्या कॉलरमध्ये आतून शिवून टाकलं. "आता बोलू पण नका," ती म्हणाली. "नुसती कॉलर उलटून दाखवा."

त्या संध्याकाळी टॅक्सी आली ती कमानीतून हॉर्न वाजवतच. चालक नवा होता. "सिल्व्हर ब्रीझचे ना आजोबा? बसमधून उतरल्या उतरल्या कॉलर वाचली, थेट घेऊन आलो. मीटरचे एवढे, थांबल्याचे वेगळे." सुनेने तीन गणवेशांची शिलाई त्याच्या हातावर ठेवली. सासरे खाली मान घालून उतरले. आज त्यांच्या चपलांना वाळूही नव्हती.

सकाळी ती उठून पाहते, तर सासरे तिच्याच मशीनपाशी बसलेले. नाकावर चष्मा, हातात टाके काढायचं तिचंच उसवणं. कॉलरमधला एकेक टाका ते नीट मोजून सोडवत होते.

"बाबा! हे काय?"

"या नावाला मीटर पडतं, सूनबाई." त्यांनी मान वर केली नाही. "साबणगल्ली म्हटलं की पाणी पाजतात, खिडकीशी बसवतात, वर पुलावरून एक चक्कर मारून आणतात. काय वारा असतो म्हणून सांगू!"

"म्हणजे तुम्ही हरवत नाही?"

"अडतीस वर्षांत माझ्या हातून एक पत्र हरवलं नाही. मी कसला हरवतोय?"

सुनेची नजर गणवेशांच्या ढिगावर गेली, मग पंख्यावर, मग दाराजवळच्या त्या चपलांवर. तिने त्यांच्या हातातलं उसवणं काढून घेतलं.

"सरका. कापड फाडाल."

चारच्या बसला निघेपर्यंत तिने चारही पट्ट्या उसवून काढल्या.

संध्याकाळी पुलाच्या अलीकडे एक जुनी टॅक्सी थांबली. "काय आजोबा, आज पुन्हा?" चालकाने विचारलं.

"पुन्हा रे बाबा," सासरे केविलवाणे होऊन म्हणाले आणि आधी आत शिरून खिडकी पटकावली. "ही माझी सून. मला शोधायला आली होती."

सुनेने दुसऱ्या खिडकीची काच खाली केली, कोपरापर्यंत ओघळलेलं आइस्क्रीम पदराला पुसलं आणि होता होईल तेवढा भोळा चेहरा केला.

"साबणगल्ली, एवढंच आठवतंय बघा."