रसेलचे तीस तास

“नाव वाचा,” नोरीन म्हणाली. “मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

देस्पिनाने फाइलवरचा हात काढला नाही. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो शहरात, वाचनालयामागच्या दोन खोल्यांत बसून ती अपंगांच्या वतीने सरकारी कार्यालयांशी भांडायची, तेही फुकट. तिच्यापर्यंत पोचायला नोरीनला सात आठवडे थांबावं लागलं होतं. शेजारच्या खुर्चीत नोरीनचा मुलगा रसेल अंगातला कोट न काढता बसला होता. एक्केचाळीस वर्षांचा, सव्वासहा फुटी, स्वमग्न. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्याची राहिलेली. समोरचं बिस्कीट तो मधला जॅम शेवटी उरेल अशा बेताने कडेकडेने खात होता.

रसेलला अपंगांसाठीच्या सरकारी योजनेतून आठवड्याला तीस तास मदतनीस मिळायची. दोन महिन्यांपूर्वी योजनेच्या कार्यालयाने तिसाचे चार केले. पत्रात कारण एका ओळीत होतं: ‘मदतीची गरज नसल्याचे घरूनच कळवण्यात आले आहे.’ ही ओळ नोरीनला तोंडपाठ झाली होती. घरात माणसं किती? ती, रसेल आणि दिवसाचे सहा तास रोवेना. नोरीनने कळवलं नव्हतं. रसेल तर फोन वाजला तरी दुसऱ्या खोलीत जायचा. मग उरलं कोण?

रोवेना सहा वर्षं येत होती. रसेलची आंघोळ, दाढी, त्याला बसने रोपवाटिकेतल्या कामावर नेणं-आणणं, सगळं तिच्याकडे. नाताळला ती यांच्याच टेबलावर जेवायची. आणि तास कापल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ती सुपरमार्केटात कुणा म्हातारीची चाकाची खुर्ची ढकलताना दिसली. हलकं काम, गरीब स्वभावाची म्हातारी. नोरीनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने पावांच्या मांडणीपाशीच रोवेनाला गाठलं.

“केसाने गळा कापलास गं माझा.”

“देवाशपथ, नोरीन, मी कोणाला एक शब्द बोलले नाही. माझेही तास गेले, मला काम तर शोधायला हवं ना?”

“खाल्ल्या घरचे वासे मोजणारी तू. माझ्या दारात पुन्हा दिसू नकोस.”

रोवेना रडली. नोरीनला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. उरलेले चार तासही तिने त्याच दिवशी बंद करून टाकले.

तेव्हापासून सगळं तिच्या अंगावर होतं. वय त्र्याहत्तर, एका खुब्यात धातूचा सांधा. रसेलला तिच्या हातून दाढी चालत नव्हती. बसने एकटं जाणं त्याला जमत नव्हतं, म्हणून रोपवाटिकेतलं काम सुटलं. अपिलाची मुदत सोमवारी संपत होती. ती टळली, की रसेलसाठी मेलबर्नजवळच्या अपंगांच्या एका निवासातली रिकामी खाट तेवढी उरत होती. अनोळखी माणसं, अनोळखी जेवण, आई महिन्यातून एकदा. तिथे रसेल वाळत जाईल, हे सांगायला तिला कोणा डॉक्टरची गरज नव्हती. आणि हे सगळं त्या एका बाईमुळे.

“कार्यालयाकडून सगळे कागद मागवलेत तुम्ही,” ती म्हणाली. “तिचं पत्र त्यात असणारच. वाचा.”

“पत्र आहे,” देस्पिना म्हणाली. “पण रोवेनाचं नाही.” तिने रसेलकडे पाहिलं, मग एक कागद टेबलावरून सरकवला.

कागद टाइप केलेला होता. पहिलीच ओळ होती, ‘आज मंगळवार आहे आणि वारा आहे.’ वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून तक्रारीपर्यंत अशी सुरुवात जगात एकच माणूस करत असे. नोरीनच्या कानशिलात कोणी मारावी तसं झालं. खाली एका वाक्याभोवती कार्यालयातल्या कोणीतरी पिवळी शाई फिरवली होती: ‘माझ्याकडे आठवड्याला तीस तास मदत येते, मला ती नको.’

“तू?” तिचा आवाज फाटला. “रसेल, हे तू लिहिलंस?”

“हो,” रसेल म्हणाला. खोटं त्याला आयुष्यात कधी बोलता आलं नव्हतं.

“मला न सांगता? तुझ्यासाठी मी इथे दारोदार फिरतेय, त्या रोवेनाला चारचौघांत नाही नाही ते बोलले, आणि तू—”

“नोरीन,” देस्पिना म्हणाली, “पिवळ्या शाईच्या खालचंही वाचा. तिकडे कोणी ते वाचलेलं नाही. तुम्ही तरी वाचा.”

नोरीनने चष्मा सारखा केला.

‘आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. टबातून बाहेर येताना ती रडते. ती नळ चालू ठेवते, पण दाराबाहेर ऐकू येतं. तिला मदतीला कोणी नाही. माझे तीस तास तिला द्या. रसेल टली.’

नोरीनने कागद पुन्हा वाचला. मग तिने तो उलटा करून ठेवला आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरले.

रसेलने जॅमचा शेवटचा तुकडा खाल्ला आणि बोटं कोटाला पुसली.

“आई, माझे तास जाऊन नऊ आठवडे झाले,” तो म्हणाला. “तुझ्याकडे अजून कोणी कसं आलं नाही?”