न उमटणारा अंगठा

यंत्राने पुन्हा लाल दिवा दाखवला.

"आजोबा, जरा दाबून," अनुदानाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली.

"आणखी दाबला तर तुझं यंत्र फुटेल," म्हातारा म्हणाला.

शेजारी उभ्या त्याच्या मुलाने घड्याळाकडे पाहिलं. शहरातून यायला त्याने याही खेपेला खोटं कारण सांगून रजा काढली होती. नियमच तसा होता. शेतकऱ्याचा अंगठा उमटला नाही, तर पुढच्या वेळी घरच्या वारसाने सोबत हजर राहायचं. एकदा उमटला की अनुदान आपोआप खात्यात, कोणी यायला नको. पण पेरणीपासून नुसते हेलपाटे चालले होते, आणि उद्याचा दिवस शेवटचा होता. त्यानंतर प्रकरण बंद.

मुलीने काच पुसली, मग अंगठाही पुसला. लाल. तिने तो अंगठा उजेडात धरला. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.

"दादा, यांना कामाला लावू नका हो. कातडी महिन्याभरात नवी येते. रेषा एव्हाना यायलाच हव्या होत्या."

मुलाचा पारा चढला. म्हाताऱ्याने हात हलवू नये म्हणून तर त्याने जमीन वाट्याने दिली होती. वर हाताला लावायला ग्लिसरीन आणून दिलं होतं, ते वेगळंच.

"बाबा, तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

"गवत कापतो. विळ्याला धार लावतो. त्यात अंगठा झिजतो थोडा."

"गवत कशाला? दारात ना गाय ना बकरी."

"सवय रे."

मुलीला दया आली. उद्या मोठ्या कार्यालयातून डोळे तपासून ओळख पटवणारं यंत्र येणार आहे, तेव्हा आजोबांनी एकट्याने आलं तरी काम होईल, असं तिने सांगितलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे याने यायचं नाही?"

"डोळे तुमचे लागतात आजोबा, मुलगा नाही."

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

"यंत्राला चालतो."

परतताना मुलगा मोटरसायकलवर अखंड बोलत होता. साहेबाचे टोमणे, कापला गेलेला पगार, वाया गेलेले दिवस. मागे बसलेला म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून हुं हुं करत होता. मध्येच म्हणाला, "लांबच्या रस्त्याने घे. इकडे खड्डे फार." लांबच्या रस्त्यालाही खड्डेच होते.

घरी पोचल्यावर मुलगा पाणीही न पिता मागच्या पडवीत गेला. विळाच सोबत घेऊन जायचा, म्हणजे कटकट मिटेल, असं त्याने ठरवलं होतं.

विळा खुंटीला अडकवलेला होता. त्याने ओढला, तर निघेना. पात्यावर गंजाचा जाड थर होता आणि मुठीपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं.

"आजची रात्र राहशील ना?" आतून म्हाताऱ्याने विचारलं.

मुलाने खाली पाहिलं. धार लावायच्या खरखरीत दगडावर धूळ साचली होती. फक्त मधोमध, अंगठ्याच्या रुंदीचा एक पट्टा घासून घासून लख्ख झाला होता.