सुटी वायर

लिंगपूजेशिवाय पाण्याचा घोटही न घेणारी शिवकांता उदगीरच्या कारखान्यात हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संदेशयंत्रांचे, सेट जोडायची. नव्या सेटच्या डब्याला हात लावला की करंट बसत होता.

"मालक, हे युरोपात कसं पाठवायचं?"

बसवराजअप्पा हसले. "एक वायर काढून ठेव, अक्का. तयार सेटला तिकडं तपासणीचा कागद लागतो, हौशी लोकांनी स्वतः जोडायच्या सुट्या किटला न्हाई. पुढं करंट बसला तर जोडणाऱ्याची चूक!"

कपाळी भस्म अन् तोंडी असली भाषा! शिवकांताला शिसारी आली.

आठवड्याभरात अप्पांची लेक हॅमच्या परवान्याची परीक्षा पास झाली. तिच्यासाठी सेट मागताना त्यांनी हळूच विचारलं, "ह्याला करंट येत न्हाई ना, अक्का?"



शिवकांतानं वायर काढलेलाच सेट त्यांच्या हाती ठेवला. "जोडणार तर तुम्हीच ना, मालक?"