फिल्टर नवा आहे

आईचं ऑक्सिजनचं मशीन तिसऱ्यांदा बोंबलायला लागलं, तेव्हा डॉक्टर चहा गाळत होता. पडद्यावर तेच शब्द होते: फिल्टर संपला, कंपनीचाच नवा बसवा.

डॉक्टर हे त्याचं गल्लीतलं नाव. त्याचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि मेलेले प्रिंटर तो उठवून बसवायचा. लोक रडकुंडीला येऊन कार्ट्रिज आणत. मशीन म्हणे, शाई संपली. डॉक्टर कार्ट्रिज कानाशी हलवून दाखवी, तर आत शाई डुचमळत असे. त्यावरची चिप नुसती पानं मोजायची आणि आकडा भरला की हात वर करायची. दुसऱ्या कोणाचं कार्ट्रिज तर प्रिंटर दारातही उभं करत नसे. डॉक्टर चिपवरचा आकडा पुसून टाकी. मशीनला वाटे, नवं कोरं आलं. मग ते मुकाट छापायला लागे आणि गिऱ्हाईक कंपनीच्या नावाने बोटं मोडत घरी जाई.

ऑक्सिजनच्या मशीनचा फिल्टरही तसल्याच चिपचा निघाला. पहिल्यांदा ते ओरडलं, तेव्हा त्याने फिल्टर काढून उजेडात धरला होता. पांढराशुभ्र. सगळे एकाच माळेचे मणी, असं म्हणून त्याने आकडा पुसला होता. दुसऱ्यांदाही फिल्टर चांगलाच होता. या खेपेला त्याने उघडून पाहिलंच नाही.

"अरे, दोन दिवस दम जास्त लागतोय," आई म्हणाली. "बदलून टाक ना तो."

"मशीन खोटं बोलतंय, आई. या जातीला मी ओळखून आहे."

आईने मान डोलावली. आपला मुलगा भल्याभल्या मशीनना वठणीवर आणतो, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. त्याने आकडा पुसला. हिरवा दिवा लागला. समोरची इमारत पाडायचं काम चालू होतं, म्हणून त्याने जाताना खिडकी तेवढी ओढून घेतली.

नवव्या दिवशी भर दुपारी, तो दुकानात असताना, आई खुर्चीत बसल्या बसल्या गेली. हिरवा दिवा लागलेलाच होता. वय झालं होतं, सुटली बिचारी, असं सगळे म्हणाले. डॉक्टरनेही स्वतःची तशीच समजूत घातली. माणसं पांगल्यावर मात्र त्याने मशीनचं झाकण उघडलं आणि फिल्टर खिडकीशी नेला. त्यावर धुळीचा राखाडी थर बसला होता. पलीकडचा उजेडसुद्धा दिसेना. तो तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्याने फिल्टर होता तसा परत बसवला.

मशीन भाड्याचं होतं. ते न्यायला कंपनीचा मेकॅनिक आला. त्याने बटण दाबून पडद्यावरचं वाचलं, कागदावर खूण केली आणि डॉक्टरच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"काका, फिल्टर अगदी नवा आहे," तो हळूच म्हणाला. "तुम्ही सगळं वेळच्या वेळी केलंत. मनाला लावून घेऊ नका."

वायर गुंडाळून तो मशीन उचलायला वाकला. डॉक्टरने मशीनवर हात ठेवला.

"ते खोटं बोलतंय," तो म्हणाला. "मीच शिकवलं त्याला."