पाच गोळ्या, एकच प्लेट

कागदी टार्गेटवर छगननानांचा हात धरणारा धुळ्यात कोणी नव्हता. यंदा सोनगीरच्या रायफल स्पर्धेत आयोजकांनी लोखंडी प्लेटा टांगल्या. कागदाला भोक दिसतं, लोखंड वाजावं लागतं. वाजलं की पुढच्या प्लेटवर नेम धरायचा. नानांनी गोळी झाडली, पण टणत्कार कानावर आला नाही. चुकली म्हणत पुन्हा पहिलीच प्लेट धरली. पाचही गोळ्या तिथंच गेल्या. क्लबातला कुंदन कानात तोंड घालून ओरडला, “बठ्ठ्या गोया एकच प्लेटले? बहिरा व्हयनात का नाना?” मागं टवाळखोरांचे दात दिसत होते, हसू ऐकू येत नव्हतं. नाना प्लेटपाशी गेले. शिशाचे पाचही डाग एका रुपयाखाली झाकले गेले असते. त्यांनी किल्लीनं प्लेट ठोकली. ती नुसतीच हलली. बायको वारल्यापासून घरात हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. कान कधी गेले ते कळणार कसं?